पडताळणी क्रमांक सतरा

कुटुंबाची बैठक दर वेळी खालच्या वर्गातच भरायची. वर घरात भांडण सुरू झालं की ते दिवे लागले तरी संपायचं नाही. वर्गातली बाकं मात्र अरुंद होती, पाठ टेकायला काही नव्हतं, त्यामुळे दीड-दोन तासांत ज्याला त्याला आपला मुद्दा सोडून द्यावासा वाटायचा. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते होते. टेबलावर रस्ते रंगवलेली फळी आणि तिच्यावर सहा खेळण्यातल्या गाड्या होत्या, आणि फळ्याच्या वर थोरल्या मास्तरांच्या पहिल्या गाडीचं स्टिअरिंग टांगलेलं होतं. थोरले मास्तर जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी बैठकीला नियम त्यांचाच चालायचा: बोलणाऱ्याला ओव्हरटेक करायचं नाही. तो मोडणाऱ्यासाठी टेबलावर एक जुना रबरी भोंगा असायचा आणि तो आत्याच्या ताब्यात असायचा. वडिलांच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून आपल्या वाट्याला एवढंच आलं, असं आत्या सांगायची आणि त्याचा वापरही त्याच हिशेबाने करायची.

गेल्या पाच वर्षांत अशी बैठक दोनदाच भरली होती. एकदा विनागिअरची गाडी घ्यावी की नाही यावर, आणि दुसऱ्यांदा दादाने कुणाला न विचारता ती घेतल्यावर. आजची तिसरी.

फळीवर, अगदी चौकाच्या मधोमध, वाहतूक शाखेची नोटीस पडली होती. नोटिशीवर फोटो होता. शिकवणीची गाडी, छपरावर शाळेची पाटी. स्टिअरिंगवर एक बाई, दोन्ही हात जागच्या जागी आणि मान अशी ताठ, की जणू फोटो काढतायत हे तिला आधीच कळवलेलं होतं. तिच्या बाजूच्या सीटवर, जिथे शिकवणाऱ्याचे जादा ब्रेक असतात तिथे, अप्पा. अप्पांचा हात कानाला लागलेला, आणि हातात काहीतरी काळं, चौकोनी. खाली मंगळवारची तारीख आणि वेळ अकरा बेचाळीस. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘पडताळणी क्रमांक सतरा’.

अप्पांची धाकटी लेक शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसली होती. नापास होणारी मुलं बसतात तिथे.

“मुद्दा सरळ आहे,” दादाने उभं राहून सुरुवात केली. शाळेचा कारभार आता तो पाहत असल्यामुळे बसून बोलणं त्याला जमत नसे. “नियमात शिकवणाऱ्यालाच चालक धरलंय. म्हणजे अप्पा गाडी चालवता चालवता फोनवर बोलले, असा अर्थ होतो. हे मान्य केलं तर अप्पांचा शिकवायचा बिल्ला तीन महिने जमा. त्या तीन महिन्यांत पुन्हा प्रशिक्षण घेऊन पास व्हायचं. नाही झालं तर बिल्ला कायमचा गेला. हरकत घ्यायची मुदत उद्या संपतेय.”

“आणि बाहेरचा बोर्ड?” आत्याने विचारलं.

बाहेरच्या बोर्डाकडे कुणी पाहिलं नाही, कारण तो सगळ्यांना पाठ होता. ‘एकेचाळीस वर्षं. एकही दंड नाही.’ दर वर्षी शिडी लावून अप्पा स्वतः ब्रशने आकडा बदलायचे.

“बोर्डाचं नंतर बघू आत्या,” वहिनी म्हणाली. “अडुसष्टाव्या वर्षी माणसाची सीट जातेय.”

ज्यांची सीट जात होती ते अप्पा पहिल्या बाकावर बसून चष्मा पुसत होते. चष्मा बैठकीच्या आधीच स्वच्छ झाला होता.

“मला एक कळू दे,” आत्या नोटीस डोळ्यांजवळ नेत म्हणाली. “हा सतरा नंबर कोण मेला आहे?”

धाकटीने तक्त्यावरची ‘पुढे अरुंद पूल’ ही खूण लक्षपूर्वक वाचली.

ती वाहतूक शाखेत कामाला आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नेमकं काय करते ते कुणी विचारलं नव्हतं. दादा लोकांना सांगताना ‘ती कॉम्प्युटरमध्ये असते’ एवढंच सांगायचा. काम असं होतं: खांबावरचे कॅमेरे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे फोटो काढायचे, यंत्राला ज्याचा संशय येईल तो फोटो खोलीत यायचा, आणि यंत्राचं म्हणणं खरं की खोटं हे माणसाने ठरवायचं. कुणी ओळखीच्याला सोडू नये म्हणून गाडीचा नंबर कापलेला असायचा आणि चेहरा पुसलेला. उरायचा एक कान, एक हात, थोडी काच. चार सेकंदांत ‘होय’ किंवा ‘नाही’ दाबायचं. यंत्र फार संशयी होतं. कान खाजवणारे, गालावर हात ठेवून बायकोचं ऐकणारे, एकदा तर सिग्नलला दाढीचं मशीन फिरवणारा एक गृहस्थ, सगळ्यांना ते फोनवाले समजायचं. त्यातून खरे फोनवाले निवडण्यात अख्ख्या खोलीत धाकटीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तसं प्रशस्तिपत्रक तिच्या खुर्चीमागे लावलेलं होतं. खुर्चीचा नंबर सतरा.

मंगळवारी जेवणानंतर तिने एका कानावर ‘होय’ दाबलं होतं. सव्वीस वर्षं तो कान ती पाहत आली होती, पण नेहमी चेहऱ्यासकट.

“कोण का असेना,” आत्याचं चालूच होतं, “डोळे आहेत का कवड्या? भल्या माणसाला असं—”

“आत्या, सतराची चूक काय त्यात?” वहिनी म्हणाली. “फोटोत फोनच दिसतोय.”

“तेच तर!” दादाने टेबलावर थाप मारली. दोन खेळण्यातल्या गाड्या उलटल्या. “दिसतोय फोन. पण आहे का फोन?” आणि खिशातून त्याने लाकडी फोन काढून नोटिशीवर ठेवला.

या लाकडी फोनमुळे शाळेचं नाव झालं होतं. मोबाईल नवे होते तेव्हा थोरल्या मास्तरांनी जुन्या दाराच्या फळीचा तो कापून घेतला होता आणि काळा रंगवला होता. बाराव्या धड्याला शिकवणाऱ्याने तो कानाला लावायचा आणि मोठमोठ्याने बोलायचं. “काय म्हणता! लग्न मोडलं? कुणी पळून गेलं? आचारी?” शिकणाऱ्याने मान वळवायची नाही, हसायचं नाही, रस्ता सोडून कुठे बघायचं नाही. मान वळली की शिकवणारा बाजूचा ब्रेक दाबायचा आणि धडा पुन्हा. एका फुलवाल्याने बारावा धडा नऊ वेळा दिला होता. शेवटी त्याला त्या आचाऱ्याचं पुढे काय झालं हे सांगून टाकावं लागलं, तेव्हा कुठे तो पास झाला.

आत्याने लाकडी फोन आणि फोटो शेजारी शेजारी धरले. “अगं बाई. हुबेहूब.”

“हुबेहूब!” दादा म्हणाला. “आणि साक्षीदार आहे. गाडी चालवणाऱ्या बाई मुख्याध्यापिका आहेत. मी काल फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, बारावा धडा होता, लाकडी फोनच होता, मी शपथेवर सांगेन. मुख्याध्यापिकेच्या शब्दावर कोण शंका घेणार?”

“त्यांनी फोन बघितला?” वहिनीने विचारलं.

“बघितला असता तर नापास झाल्या असत्या! मानच वळवली नाही त्यांनी. फक्त ऐकलं. म्हणाल्या, आम्हाला वाटलं होतं सर काहीतरी भयंकर बोलतील, लोक सांगतात तसं. पण सर आपले चमच्याबद्दल बोलत होते. चमचा कुठे ठेवलाय वगैरे. हसू येत होतं, पण ओठ घट्ट दाबून रस्त्यावर नजर ठेवली. सर म्हणाले, पास.”

धाकटीचा हात आपोआप स्वतःच्या फोनकडे गेला. बाकाखाली धरून तिने मंगळवारची यादी वर सरकवली. अकरा एक्केचाळीसला अप्पांना फोन. एक मिनिट बारा सेकंद.

मंगळवारी जेवणाची सुट्टी लवकर झाली होती, डबा उघडला तर चमचा नव्हता, आणि तिने अप्पांना फोन लावून विचारलं होतं: अप्पा, चमचा कुठेय? बस, एवढंच. मग अप्पांनी सांगितलेला, रुमालात गुंडाळलेला चमचा काढून ती जेवली होती, हात धुतले होते, आणि जागेवर येऊन बापाला पकडलं होतं.

“झालं तर मग,” आत्या म्हणाली. “लिही हरकत.”

“थांबा,” वहिनी म्हणाली.

“तुझं काय आता?”

“मंगळवारी लाकडी फोन माझ्या गाडीत होता. माझ्याकडे त्या औषधवाल्याचा बारावा धडा होता, अकरा ते बारा. नोंदवहीत लिहिलंय.”

अप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मग पुन्हा काढला.

“नोंदवही आपल्या कपाटात असते,” दादा हळूच म्हणाला. “ती बघायला कोण येतंय?”

“म्हणजे खाडाखोड करायची?”

“खाडाखोड कोण म्हणालं? नुसतं, तुझा धडा बुधवारी झाला असता तर—”

“अहो, झाला मंगळवारी! औषधवाला खांबावर जाता जाता वाचला मंगळवारी!”

“तुला बरंच आहे म्हणा. अप्पांचा बिल्ला गेला की मुख्य शिकवणारी तूच.”

वहिनीचा चेहरा लाल झाला. “अकरा वर्षं मी या घरात लाकडाशी बोलतेय. माणसांशी बोलण्यापेक्षा सोपं जातं, एवढं कळलंय त्यातून—”

भोंगा वाजला. कुणासाठी ते आधी कळलं नाही. आत्याचं बोट दादाकडे होतं.

“थोरल्या मास्तरांच्या नोंदवहीत खाडाखोड?” आत्या म्हणाली. “त्यांनी मला स्वतःला तीनदा नापास केलंय त्या वहीत. तिसऱ्यांदा लग्नाच्या आदल्या दिवशी. ते तसंच आहे अजून, शाईने लिहिलेलं. त्या वहीला हात लावशील तर बघ.”

“आत्या, तू आत्ताच म्हणालीस, लिही हरकत!”

“आत्ताचं आत्ता गेलं.”

दादा एकटा पडला. एकटा पडला की तो नेहमी धाकटीकडे वळायचा, गाडी घेतली तेव्हाही तसाच वळला होता. “तू काहीतरी बोल ना. तुझं ऑफिस आहे. हरकत घेतली की ती परत सतराकडेच जाते, हो ना? फोन होता की नव्हता, हे सतराने लेखी द्यायचं असतं. ओळख काढ जरा. चहाला बोलव त्याला. माणूस कसा आहे?”

“बरा आहे,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आला.

“ऐकेल आपलं?”

“माहीत नाही.”

हे खरं होतं. सतरा ऐकेल की नाही याचाच ती मघापासून विचार करत होती. ‘लाकडी वस्तू असू शकेल’ एवढे चार शब्द लिहिले की अप्पा सोमवारपासून पुन्हा बाजूच्या सीटवर. नाही लिहिले तर तिच्याच फोनवर, तिच्याच बोटाने, तिच्याच सहीने अप्पा घरी बसणार. प्रशस्तिपत्रक लिहिणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार केलेला नव्हता.

“चहा आणते,” वहिनी म्हणाली. तिला कुठेतरी जायचंच होतं.

ती आली ती ट्रे घेऊन. बिस्किटांचा डबा धुवायला पडला असावा, कारण बिस्किटं तिने हाताला लागलेल्या दुसऱ्या डब्यात भरली होती. डबा तिने फळीवर, नोटिशीला लागून ठेवला आणि झाकण काढून बाजूला ठेवलं. झाकणावर नेलपॉलिशने, लाल, ठसठशीत आकडा होता. ऑफिसच्या कपाटात डबे बदलू नयेत म्हणून धाकटीने स्वतः काढलेला. सतरा.

आकड्याला लागूनच नोटीस होती, आणि नोटिशीवर तोच आकडा. आत्या बिस्किटं निवडत होती. दादा वहिनीकडे न बघता कप उचलत होता.

पहिल्या बाकावरून अप्पांचा हात आला. त्यांनी एक बिस्कीट घेतलं आणि जाता जाता, सहज वाटावं असं, झाकण पालथं घातलं.

मग त्यांनी मागे वळून धाकटीकडे पाहिलं नाही. बिस्कीट चहात बुडवत बसले. आणि तेवढ्यावरूनच तिला कळलं. रोज सकाळी तो डबा अप्पा भरायचे. नोटिशीच्या तळाशी ती मुंगीची अक्षरं सगळ्यांत आधी त्यांनीच वाचली असणार.

धाकटी उठली, टेबलापाशी गेली आणि झाकण सरळ केलं.

“सतरा मी आहे.”

आत्याचं बिस्कीट चहात पडलं.

“आणि अकरा बेचाळीसला फोनवरही मीच होते. चमचा सापडत नव्हता म्हणून.”

कुणीच भोंगा वाजवला नाही, कारण ओव्हरटेक करण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं.

“म्हणजे,” दादा एकेक पायरी चढत असल्यासारखा म्हणाला, “तू अप्पांना फोन केलास. अप्पांनी तो उचलला. त्याचा फोटो निघाला. तो तुझ्याकडे आला. आणि तू—”

“होय दाबलं.”

“बघून?”

“कान बघून.”

“मेला म्हणाले ते परत घेते,” आत्या म्हणाली. “कवड्याही परत.”

“पण अप्पा,” वहिनी हळूच म्हणाली, “तुम्ही उचललात कसा? घरात आग लागली तरी गाडीत फोन उचलायचा नाही, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत.”

अप्पांनी कप खाली ठेवला. “ही कधी सकाळच्या वेळात फोन करत नाही. पाच वर्षांत नाही केला. मला वाटलं काहीतरी झालं.” मग म्हणाले, “चमचा म्हणाली, तेव्हा ठेवायला हवा होता. नाही ठेवला. बरं वाटलं म्हणून बोलत राहिलो. त्या एका मिनिटाला काही उत्तर नाही.”

“आहे ना उत्तर!” दादाने लाकडी फोन उचलला. “अप्पा, अजून मुदत आहे. उद्यापर्यंत—”

“नाही. मी गुरुवारीच मान्य करून टाकलं. सही करून दिली पाठवून. बिल्लाही जमा केला.”

सगळ्यांनी अप्पांच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. तिथे बिल्ल्याच्या टाचणीची दोन बारीक भोकं तेवढी होती. तीन दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“मग ही बैठक कशाला?” दादा ओरडला.

“बैठक तू बोलावलीस. मी सांगणार होतो. पण तू बोलत होतास.” अप्पांनी भोंग्याकडे बोट दाखवलं. “नियम आहे.”

मग आत्या हसायला लागली. दम लागेपर्यंत हसली आणि शेवटी स्वतःच भोंगा वाजवून थांबली. वहिनीने विचारलं की मुख्याध्यापिकाबाईंचा बारावा धडा आता पुन्हा घ्यायचा का. अप्पा म्हणाले, “कशाला? लाकडावर सगळेच पास होतात. खऱ्यावर पास झालेल्या त्या पहिल्याच.”

सोमवारी धाकटीने साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “फोन होता ना?” ती म्हणाली, होता. “मग निर्णय बरोबर आहे,” साहेब म्हणाले, आणि तरीही तिने मंगळवारी पाहिलेले सगळे फोटो त्यांनी दुसऱ्याकडून तपासून घेतले. सहाशे अकरांत एक चूक सापडली. दाढीचं मशीन.

बोर्ड अप्पांनी स्वतः बदलला. दादाने शिडी धरली आणि खालून विनंती केली की निदान अक्षर तरी बारीक काढा. अप्पांनी ‘एकही दंड नाही’ खरवडून त्याच मापात ‘एक दंड’ लिहिलं.

पुन्हा प्रशिक्षण कोणत्याही मान्यताप्राप्त शाळेत घेता येत होतं. सगळ्यांत जवळची मान्यताप्राप्त शाळा जिन्याखाली होती. तिसऱ्या आठवड्यात अप्पा बाराव्या धड्यापर्यंत आले. त्या सकाळी धाकटीला ऑफिसला सोडायचं होतं म्हणून ती मागे बसली होती, मांडीवर डबा घेऊन. अप्पा स्टिअरिंगवर, हात जागच्या जागी, मान ताठ. बाजूच्या सीटवर वहिनी. चौक ओलांडला तसा तिने लाकडी फोन कानाला लावला.

“हॅलो? कोण, सतरा नंबर? काय म्हणता! सासऱ्यांना पकडलं? आणि बोर्डावर काय लिहिलं? अय्या! शिडी कुणी धरली होती?”

अप्पांची मान हलली नाही. कान मात्र लाल झाला. तो कान आता धाकटीने चेहऱ्याशिवायही कुठेही ओळखला असता.

“चमचा? काय, सोन्याचा होता? नाही? मग एवढं कशासाठी?”

सिग्नल गेला, शाळेचा रस्ता गेला, पूल गेला. अप्पांची नजर पुढेच. वहिनीच्या गोष्टीत आता आचारीही परत आला होता, तरी अप्पा हसले नाहीत. पुढच्या वळणाला धडा संपत होता. वहिनीने पेन काढून नोंदवही मांडीवर उघडली.

मागे धाकटीने सवयीने डबा चाचपला. वरचा कप्पा, खालचा कप्पा, रुमाल. आणि तोंडातून निघून गेलं,

“अप्पा, चमचा—”

अप्पांची मान वळली.

वहिनीने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली आणि लाकडी फोन घसरत अप्पांच्या पायाशी गेला.

अप्पांनी शर्टाच्या खिशात, जिथे पूर्वी बिल्ला असायचा तिथे, हात घातला, चमचा काढला आणि मागे दिला. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून पुढे बघत बसले.

“बारावा धडा,” वहिनी लिहिता लिहिता म्हणाली, शाईनेच, “पुन्हा.”